पट्टा आणायला गेलेला माणूस

१९ जानेवारी २०२५

यात्रेत चाक बंद पडलं त्याला आज आठ दिवस झाले. रोज लिहायला बसतो आणि पेनाला टोपण लावून उठतो. आज लिहितोच. डायरी मोताळ्याच्या मेडिकलवाल्याने दिलेली आहे. दर पानाखाली पित्ताच्या गोळ्यांची जाहिरात आहे, पण कागद चांगला आहे.

हकीकत अशी. आमचा धंदा आकाशपाळण्याचा. धंद्यातले लोक अख्ख्या यंत्राला चाक म्हणतात आणि बसायच्या जागेला पाळणा. आमच्या चाकाला बारा पाळणे. इंजिनाशी मी आणि तिकिटाच्या टेबलाशी माझी बायको पंचफुला. गेली अठ्ठावीस वर्षं हेच चाललं आहे. त्या दिवशी ज्या गावात होतो त्याचं नाव लिहीत नाही. दिवस मावळायच्या सुमाराला बाराही पाळणे भरले होते. तिसऱ्या फेऱ्याला इंजिनाचा पट्टा तुटला, चाक थांबलं, लोक वर अडकले. यात माझा दोष नाही. पट्टा रबराचा असतो, रबर तुटतं. जादा पट्टा गाडीत होता, तो आणायला मी गेलो. तेवढ्यात पंचफुलाने गावातली चार धट्टीकट्टी माणसं धरली, चाकाला दोर लावला आणि हाताने फिरवून एकेक पाळणा खाली घेतला. शेवटचं माणूस उतरलं तेव्हा पस्तीस मिनिटं झाली होती. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

एवढंच झालं. लोक उगाच वाढवून सांगतात.

गाडी चाकापासून शंभर पावलांवर उभी होती.

२३ जानेवारी

बुलढाण्याहून सईदभाई आले. त्यांचे मेरी-गो-राउंड आणि मुलांच्या आगगाड्या आहेत, माणूस सरळ आहे. चाक विकायचं आहे असं मीच निरोप पाठवून कळवलं होतं. अंगणात सुटं पडलेलं चाक त्यांनी हिंडून पाहिलं, आरे ठोकून पाहिले, आणि एवढं चांगलं चाक का विकता म्हणून विचारलं. मी म्हणालो, वय झालं, कंबर धरते. छप्पन्न हे काही वय नाही, हे त्यांनाही माहीत आणि मलाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात घेऊन जातो म्हणाले.

पंचफुलाने चहा आणून ठेवला आणि आत निघून गेली. बारा दिवस झाले, ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिला काय झालं आहे कळत नाही. खरं तर मी रागवायला पाहिजे. माझी वाट न पाहता परक्या माणसांच्या हातात दोर दिला, काही झालं असतं तर?

सईदभाई गेल्यावर ती फोन घेऊन मागच्या दारी गेली आणि डिंपलशी तासभर बोलली. डिंपल आमची मुलगी, मलेशियात असते, जावई तिथं कंपनीत आहे.

२४ जानेवारी

डिंपलचा फोन. बाबा, तिकिटं काढली, सतरा फेब्रुवारीला निघा. दोन वर्षांपासून पासपोर्ट कपाटात पडून आहेत, आताच काय घाई झाली देव जाणे. मी नाही म्हणणार होतो. पंचफुला समोर उभी होती. म्हणाली, "आधी जाऊन येऊ. आल्यावर काय इकाचं ते इका."

ठीक आहे. विकायचं तर ठरलंच आहे.

२ फेब्रुवारी

महादेवराव मिस्त्री येऊन गेले. इंजिनाला नवा पट्टा बसवला आणि म्हणाले, या, चालू करून पाहा. मी म्हणालो, कंबर. ते म्हणाले, खटका दाबायला कंबर कशाला लागते? मी त्यांना म्हणालो, तुम्ही तुमचं काम करा. रिकामं इंजिन त्यांनीच चालू केलं. त्याचा आवाज ऐकून माझ्या हातांना घाम सुटला आणि मी गायीला पाणी पाजायला गेलो. पाणी तिला सकाळीच पाजलं होतं. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

१७ फेब्रुवारी

मलकापूरच्या स्टेशनावर बसून लिहितो आहे. पंचफुलाने दोन पिशव्या भरून ज्वारीचं पीठ, ठेचा आणि सांडगे घेतले आहेत. विमानात चालणार नाही म्हणून मी चार दिवस सांगतो आहे. चालते, डिंपलने विचारून ठेवलं, एवढं उत्तर मिळालं. नवी साडी नेसली आहे, खुशीत दिसते.

२० फेब्रुवारी

पोचलो. विमानाचं मला काही वाटलं नाही. ते उडताना पंचफुलाने माझा हात धरला. घाबरली असेल म्हणून मी धरू दिला. उतरल्यावर पाहिलं तर तिच्या मनगटावर माझी चार बोटं उमटली होती.

माणसांकडे पाहून त्यांचं वजन ओळखायची मला सवय आहे. चाकावर माणसं बसवताना ते करावंच लागतं. समोरासमोरचे पाळणे सारख्या वजनाचे भरले नाहीत तर चाक एका बाजूला ओढतं आणि इंजिन दमतं. विमानतळावरच्या साहेबाने पासपोर्ट पाहिला तेव्हा मी मनात म्हणालो, ब्याऐंशी किलो, याच्यासमोर एक बाई आणि एक लेकरू.

डिंपल बारीक झाली आहे.

२१ फेब्रुवारी

उद्या थीम पार्कमध्ये जायचं म्हणतात. मी डिंपलला म्हणालो, अगं, हलवायाला कोणी जिलेबी खायला नेतं का? त्यावर ती म्हणाली, बाबा, आईनं महिन्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं की मोठ्या पाळण्याचं तिकीट आधी काढ.

हिला चाकात बसायची एवढी हौस असेल हे मला अठ्ठावीस वर्षांत कळलं नाही. बिचारी. आमच्यात माझ्या वडिलांपासूनचा नियम आहे, चाकवाल्याच्या घरच्याने आपल्या चाकात बसायचं नाही. त्यांच्या काळी इंजिन नव्हतं, मी पोरवयात आऱ्यांवर चढून अंगाच्या भाराने चाक फिरवायचो. पण पाळण्यात बसलो नाही तो नाहीच. पंचफुलाही नाही. बसू दे तिला परदेशात. मी खालून पाहीन.

२२ फेब्रुवारी

आज सगळं लिहायचं आहे, कितीही पानं लागोत.

पार्क डोंगराच्या पायथ्याशी आहे. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, मला काही लक्षात राहिलं नाही. सकाळभर मी धंद्याच्या नजरेने हिंडलो. कुठं ग्रीसचा डाग नाही, तारा सगळ्या जमिनीखालून, कोणी "या या, बसा बसा" म्हणून ओरडत नाही. आमच्याकडे ओरडलं नाही तर गिऱ्हाईक येईल का? इथं लोक तासभर रांगेत मुकाट उभे राहतात. मला हे फार आवडलं नाही, पण मान द्यावा असं काम आहे.

मोठं चाक आमच्या चाकाच्या सहापट तरी असेल. पाळणे उघडेच, चार-चार माणसांचे. खाली यंत्राशी एक काळीसावळी पोरगी उभी होती, पंचेचाळीस किलोच्या वर नसेल. प्रत्येक पाळण्याची आडवी दांडी ती दोनदा ओढून पाहत होती. मी एकदाच ओढतो. मी कौतुकाने पाहत उभा राहिलो आणि पंचफुलाला म्हणालो, जा, मी इथं आहे.

ती म्हणाली, "एकटी नाई बसत."

मी डिंपलला पुढं केलं. डिंपलने पोट दुखण्याचा बहाणा केला. खोटं बोलायची तिला लहानपणापासून सवय नाही, लगेच लाल झाली. मागं रांग खोळंबली होती. मी नियम सांगितला. पंचफुला म्हणाली, "हे चाक थोडंच आपलं हाये?" आणि माझ्या बाहीला धरून तिने मला आत बसवलं. पोरीने दांडी दोनदा ओढली.

चाक वर जाताना मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा आम्ही जवळजवळ वरच्या टोकाला होतो, आणि चाक थांबलं.

पहिल्यांदा वाटलं, माणसं चढवत असतील. पण दोन मिनिटं झाली, पाच झाली. पुढच्या पाळण्यातली बाई लेकराला छातीशी धरून काहीतरी पुटपुटायला लागली. मला खरंच वाटलं की आता मी इथं मरतो. पाळणा जरासा हलला आणि मी दांडी अशी घट्ट धरली की हाताला कळ लागली.

मग मी खाली पाहिलं. वरच्या सगळ्याच पाळण्यांतली माणसं खाली पाहत होती, आणि सगळी एकाच जागी पाहत होती. ती पोरगी तिथंच उभी होती. यंत्राजवळ दुसरी दोन माणसं पळत आली, खाली वाकली, काहीतरी उघडलं. ती पोरगी जागची हलली नाही. थोडं पुढं येऊन, आम्हा सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली आणि हात वर करून धरला. मधूनमधून कर्ण्यावर बोलत होती. तिची भाषा मला कळत नव्हती आणि इंग्रजीही कळत नव्हतं. पण ती बोलली की पुढच्या पाळण्यातली बाई गप्प व्हायची. मीसुद्धा. वर अडकलेल्या माणसाला दुसरं काही नको असतं, खालचा माणूस जागेवर आहे एवढं दिसलं पाहिजे.

मला रडू आलं. छप्पन्न वर्षांचा बाप्या, परक्या मुलखात, आभाळात बसून रडलो.

मी म्हणालो, "पंचफुले, त्या दिवशी मी पट्टा आणाले गेलोच नव्हतो."

तिने माझ्याकडे मान वळवली.

"दिव्याच्या जनरेटरच्या मांगं उभा होतो. पाय हालतच नव्हते. लोकं वरून बोंबलत होते अन् मी कान दाबून उभा होतो."

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "जनरेटरखालून तुमच्या चपला दिसून राह्यल्या होत्या."

दीड महिना. दीड महिना ही बाई माझ्यासमोर भाकरी वाढत होती आणि हे जाणून होती.

"मंग बोलली काऊन नाई?"

"काय बोलू? मी वरच्या लोकाईले सांगून राह्यली होती, मालक पट्टा आणाले गेले, आता येतेत. पस्तीस मिनिटं तेच सांगतलं. मले वाटे, तुम्ही येसान." मग समोर डोंगराकडे पाहत ती म्हणाली, "अजून वाट पाहून राह्यली मी."

चाक चालू झालं तेव्हा तिथल्या माणसांनी पाळणे एकदम रिकामे केले नाहीत. एक इकडचा, एक समोरचा, असे जोडीने उतरवले. आम्हीही असंच करतो आणि पंचफुलानेही त्या दिवशी असंच केलं होतं. उतरताना मी त्या पोरीला हात जोडले. तिला वाटलं असेल म्हातारा घाबरला होता. ते खरंच होतं.

२३ फेब्रुवारी

काल रात्री मी डिंपललाही सांगितलं. ती म्हणाली, मला वाटलंच होतं. म्हणजे आईने हिला काहीच सांगितलं नव्हतं, फक्त मोठ्या पाळण्याचं तिकीट काढायला सांगितलं होतं. आता माझ्या डोक्यात थोडा प्रकाश पडतो आहे. पंचफुलाला विचारलं, तर म्हणते, मले बसाची हौस होती. ठेचा वाढू का आणखी?

चाक थांबणार हे काही हिने ठरवलं नव्हतं. बाकी सगळं ठरवलं होतं.

२ मार्च

सईदभाई ट्रक घेऊनच आले. मी म्हणालो, चाक विकायचं नाही. ते खाटेवर बसले आणि पाणी मागितलं. शब्द फिरवला म्हणून चार गोष्टी बोलले, त्यांचा हक्क आहे. मी त्यांना सगळं सांगितलं, जनरेटरसकट. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, दयारामभाऊ, हे तुम्ही ज्यांना सांगायला पाहिजे त्यांना सांगितलं का? जे वर बसले होते त्यांना?

नाही सांगितलं. रिकामा ट्रक गेला आणि मी अंगणात उभा राहिलो.

९ मार्च

त्या गावाला जाऊन आलो. जीपमध्ये बसताना वाटत होतं उतरावं, दोन वेळा वाटलं, उतरलो नाही. पंचफुला येते म्हणाली होती. तिला घरीच ठेवलं. तिच्या पदराआड अजून किती दिवस?

त्या दिवशी सगळ्यात वरच्या पाळण्यात पूनम नावाची बाई होती, आशा वर्कर आहे, आणि तिची सहा वर्षांची मुलगी. सगळ्यात शेवटी त्याच उतरल्या. घर विचारत गेलो. तिने ओळखलं, ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. मी पाणी पिण्याआधीच सांगून टाकलं, पाणी प्याल्यावर सांगणं जमलं नसतं. मी पट्टा आणायला गेलो नव्हतो. मागं लपलो होतो. तुम्ही वरून बोलावत होतात ते मला ऐकू येत होतं.

मला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर माणूस मोठ्या मनाने जाऊ द्या म्हणतो. ती तसं म्हणाली नाही.

"माही पोरगी अजून पलंगावरून उतराले मले हाक मारते," ती म्हणाली. "मी तिले सांगत होती, काका गेले पट्टा आणाले. मी खोटं बोलली म्हणजे तिच्याशी." मग उठून दारात उभी राहिली. "तुमची बायको येत असन तं येऊ द्या आमच्या यात्रेत. तुम्ही येऊ नका."

बरोबर बोलली. परतताना माझ्या डोक्यात हेच फिरत होतं की बरोबर बोलली. वाईट वाटलं, फार वाटलं. पण आजपर्यंत पोटात जे मुरत होतं त्याहून हे वाईट वाटणं बरं आहे. त्या गावात मी चाक नेणार नाही. तिने बोलावलं तरच.

घरी येऊन इंजिन चालू केलं. हातांना घाम आला. येऊ दे म्हटलं, आणि अर्धा तास चालू ठेवलं.

३० मार्च

पाडवा. आरे घासून रंगवले. पंचफुलाने गुढी उभारली आणि माझ्या हातांवरचा रंग रॉकेलने काढून दिला. महादेवरावांना सांगून दोन पट्टे आणवले. जादा पट्टा आता गाडीत नाही, इंजिनाच्या खोक्यातच राहील. दांडी दोनदा ओढायची, हेही ठरवलं. हनुमान जयंतीला धाड गावच्या यात्रेत चाक लावायचं.

महादेवरावांना म्हणालो, इंजिनाशी मीच राहणार. ते म्हणाले, मग दुसरं कोण राहील?

१२ एप्रिल

धाड. ऊन उतरल्यावर महादेवरावांच्या मदतीने चाक उभं राहिलं. रांग लागली होती, लहानमोठी चाळीसेक माणसं. मी इंजिन चालू केलं आणि पहिला पाळणा खाली आणला. तेवढ्यात पंचफुला तिकिटाच्या टेबलावरून उठली, साडीचा पदर कमरेला खोचला आणि पाळण्यात जाऊन बसली.

"पह्यला फेरा माहा," ती म्हणाली.

मी नियमाचं बोलू लागलो. तिने हात हलवला, मामाजींचा नियम मामाजींच्या जवळ राहू द्या म्हणाली. मी दांडी दोनदा ओढली. ती खाली वाकून हळूच म्हणाली, "मले वर न्या अन् पट्टा काढून टाका. हातानं खाली आणा."

मला वाटलं चेष्टा करते. तोंड पाहिलं तर चेष्टा नव्हती. मी तिला सांगितलं की हे वेगळं आहे. बारा पाळण्यांत एकच भरलेला आणि तोही वर, असं चाक सुटलं तर धावत खाली येतं. दोर धरून इंच इंच सोडावं लागेल. हात सुटला तर काय होईल? "मले माहीत हाये," ती म्हणाली. "म्हणून तं तुमाले सांगून राह्यली."

मी तिला वर नेलं. चाकाला अडसर लावला, इंजिन बंद केलं. महादेवराव माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हणालो, काढा पट्टा. त्यांनी काढला. मी दोर आऱ्याला बांधला, कमरेला एक वेढा घेतला. दुसरं टोक त्यांच्या हाती दिलं, पण भार माझ्यावर ठेवला.

इंजिनाचा आवाज थांबला तशी रांग मोडली. माणसं पुढं आली. काय झालं बे, बंद पडलं का, वर बाई हाये वाटते, असं सुरू झालं. कोणीतरी विचारलं, चाकवाला कुठं गेला? त्या दिवशीसारखेच माझे पाय जागचे हलेनात. जनरेटर माझ्या पाठीमागं होता, मला तो न पाहताही दिसत होता.

मी चार पावलं पुढं झालो, वरून दिसेन एवढा, आणि जितका आवाज होता तितका काढून ओरडलो, "चाकवाला मी हाये. वर माही बायको हाये. तिले खाली आणल्याबिगर मी हालत नाई."

लोक मागं सरकले. मी अडसर काढला आणि चाकाने मला दोन पावलं ओढत नेलं. महादेवरावांनी हात लावायला पाहिलं, मी नको म्हणालो. टाचा रोवल्या आणि दोर सोडत गेलो, थोडा, मग आणखी थोडा. तळहात सोलले. पाळणा माझ्या डोक्यावरून आला, छातीशी आला आणि थांबला. महादेवराव म्हणाले, सहा मिनिटं लागली. मला वाटलं होतं तास झाला असेल.

मी दांडी उघडली. पंचफुला उतरली, माझे हात उलटे करून पाहिले, आणि आपल्या पदराने पुसले. मग टेबलाशी जाऊन बसली आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला म्हणाली, "या, किती जण हायेत?"

महादेवरावांनी पट्टा चढवला. मी इंजिनाशी जाऊन उभा राहिलो.